सुपडूआप्पांचा हुंकार

आप्पांचा फोटो मिळत नाहीये.

सुरतेत उधन्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे भिंतभर स्क्रीन आहे आणि ऑपरेशन होऊन घरी गेलेले हृदयाचे पेशंट त्यावर दिवसभर चौकोनाचौकोनात दिसतात. आम्ही त्याला ‘घरचा वॉर्ड’ म्हणतो. त्या खोलीला आता आप्पांचं नाव द्यायचं ठरलंय. दारावर पाटी, आत फोटो आणि फोटोखाली चार ओळी. त्या ओळी मी लिहायच्या, कारण त्यांच्या हाताखाली मी सर्वांत जास्त वर्षं काम केलं. कार्यक्रमाला त्यांच्या शेजारच्या हंसाबेनही येणार आहेत.

चार ओळी मी लिहून दिल्या आहेत. त्यात एकही शब्द खोटा नाही आणि तरी त्या खोट्या आहेत. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

फोटो न मिळण्याचं कारण साधं आहे. आप्पा फोटोला घाबरायचे. स्टाफचा ग्रुप फोटो निघाला की त्यांना हमखास सर्व्हर रूममध्ये काहीतरी आठवायचं. ते फक्त फोटोलाच घाबरत होते असंही नाही. लिफ्टला घाबरायचे, उघड्या गटाराला घाबरायचे, कुत्र्यांना घाबरायचे, आणि कोणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं की सर्वांत जास्त घाबरायचे. गुजराती स्टाफमध्ये त्यांचं नाव होतं ‘बीकणआप्पा’. बीकण म्हणजे भित्रा. ते त्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये एकदा मागून कोणीतरी हळूच तसं म्हणालं, तर हे वळून म्हणाले, “हां, बोलो भाई, बीकण हाजर छे.”

खरं नाव सुपडू. खानदेशात ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे जन्मलेलं मूल सुपात घालतात, म्हणजे मृत्यूला वाटावं की ही तर पाखडून टाकलेली वस्तू. आप्पांच्या आधीची भावंडं गेली होती. वडील उधन्यात लूमवर कामाला, आई दिवसरात्र या एका पोरावर नजर ठेवून. अंधार पडला, दिवे गेले, की ती हाक मारायची, “सुपडू, शे का रे?” म्हणजे आहेस का रे. याने म्हणायचं, “शे.” जरा वेळाने पुन्हा, “शे का?” “शे ना, माय.” गोष्ट सांगायची तरी तेच. प्रत्येक वाक्याला पोराने ‘हूं’ म्हणायला हवं. हूं थांबलं की ती गोष्ट तोडून त्याच्या छातीवर हात ठेवायची.

“मले झोप लागाची चोरी होती भो,” आप्पा सांगायचे. “झोपलो की माय रडायला लागे.”

असा माणूस मोठेपणी दुसरं काय करणार? टेलिफोन खात्यात लागले. नोकरीचं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, पण स्वभावाने ते तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही हे तपासणारे. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले, संगणक विभागाचे प्रमुख म्हणून. मी त्यांच्या खालचा. माझे वडील बँकेच्या बदलीवर सुरतेत आले आणि इथेच राहिले, त्यामुळे माझं मराठी पुस्तकी आणि गुजराती बाजारातलं. आप्पांचं तसं नव्हतं. ते एका वाक्यात तीन भाषा वापरायचे आणि शेवटी विचारायचे, “हूं?”

ते ‘हूं’ म्हणजे प्रश्न नव्हता, ती वसुली होती. फोनवर बोलताना तुम्ही गप्प ऐकत राहिलात तर ते मध्येच थांबायचे. “मिलिंद भो, शे का?” “आहे ना आप्पा, ऐकतोय.” “मग हूं म्हण ना रे! मला काय कळतं, तू ऐकतोयस का खलास झालास?”

मला याचा वैताग यायचा. माझी बायको विचारायची, फोनवर हे काय म्हशीसारखं चाललंय तुमचं?

व्हिडिओचा सर्व्हर आम्ही बसवला तो साथीच्या त्या वाईट काळात. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते. बाहेर फाटकाशी माणसं उभी असायची आणि आत त्यांची माणसं. तयार सेवा वापरता आली असती, पण पेशंटचे चेहरे परक्याच्या यंत्रावरून जाऊ नयेत असं डॉक्टरांचं म्हणणं, म्हणून सगळं आमच्याच सर्व्हरवर. हॉस्पिटलच्या आतून झकास चाललं. फाटकाबाहेरून मात्र नुसतं चाक फिरत राहायचं, ‘जोडत आहे, जोडत आहे’. बाहेर एक बाई मोबाइल हातात धरून त्या चाकाकडे बघत होती. आप्पा खिडकीतून तिच्याकडे बघत होते. मग ते कीबोर्डकडे वळले.

दोष सापडला तो दरवानात. आमच्या सर्व्हरच्या पुढे एक दुसरा सर्व्हर दरवानासारखा उभा असतो. बाहेरचं सगळं त्याच्या हातून आत येतं. वेबसॉकेट नावाची जी जोडणी आहे तिची सुरुवात साध्या विनंतीसारखी होते आणि मग ती म्हणते, आता हे दार असंच उघडं राहू द्या. आमचा दरवान विनंती आत पोचवत होता, पण हे शेवटचं वाक्य गिळत होता. ते पुढे पोचवायचं म्हणून आप्पांनी फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, दरवान पुन्हा सुरू केला आणि खाली फाटकाबाहेरची ती बाई एकदम ओरडली, “अहो, दिसले! दिसले!”

आप्पा आनंदले नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “आता खरी भीती.”

“आता कसली भीती?”

“साधी वेबसाइट म्हणजे काय, दार वाजवलं, निरोप दिला, दार बंद. आता आपण दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसलो. पलीकडचा गप्प झाला तर तो निवांत बसलाय का मेलाय, हे उघड्या दारातून कळत नाही रे. विचारत राहावं लागतं.”

त्यांनी विचारत राहायची सोय केली. सर्व्हरने प्रत्येक जोडणीला थोड्याथोड्या वेळाने हाक द्यायची, पलीकडच्या यंत्राने हूं म्हणायचं. ही काही त्यांची शोधून काढलेली गोष्ट नव्हे, वेबसॉकेटमध्ये ती असतेच. पण हुंकार आला नाही तर किती थांबायचं हे आपल्या हातात असतं. बाकीचे लोक सैल ठेवतात. आप्पांनी इतकं घट्ट ठेवलं की दोन हुंकार चुकले की चौकोन लाल.

साथ ओसरल्यावर त्याच सर्व्हरवर घरचा वॉर्ड सुरू झाला, तेव्हा त्यांनी आणखी एक भर घातली. चौकोन लाल झाला की पेशंटच्या शेजाऱ्याला आपोआप फोन जायचा. त्यात आप्पांचा स्वतःचा आवाज, मराठीत आणि गुजरातीत. “हॉस्पिटलातून बोलतोय. जरा शेजारी जाऊन बघता का? घाबरू नका.” गुजरातीत, “जरा बाजुमां जोई आवो ने. गभराशो नहीं.” सुरतेतला सर्वांत भित्रा माणूस लोकांना घाबरू नका सांगतो म्हणून आम्ही पोट धरून हसलो होतो.

आणि घड्याळ. प्रत्येक पेशंटच्या पाठीमागे सेकंदकाटा असलेलं घड्याळ टांगायचं आणि टॅब असा ठेवायचा की ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे. “चेहरा फसवतो,” आप्पा म्हणायचे. “म्हातारी माणसं बसल्या जागी दगड होतात. काटा बघायचा.”

पेशंटच्या घरी टॅब बसवायला ते स्वतः जायचे आणि सगळं झालं की न सांगता वायफायचा प्लग उपटायचे. मग दारात उभं राहून शेजाऱ्याची वाट बघायची. उधन्यातल्या एका खोलीत मी त्यांच्याबरोबर होतो. यांनी प्लग काढला, शेजारची बाई पिठाच्या हाताने धावत आली, “काय झालं, काय झालं?” खाटेवरच्या आजी भडकल्या. “काय मेला खेळ मांडा रे! आते मराले बी तुले इचारनं पडी का?”

“हां माय,” आप्पा हात जोडून म्हणाले. “इचारनं पडी.”

आजी हसल्या. मग त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पण रोजचा त्रास वेगळा होता. लोकांच्या घरचं वायफाय म्हणजे काय, पंखा जोरात फिरला तरी डगमगणारं. चौकोन लाल, हिरवा, लाल. शेजारी धावायचे, पेशंट मजेत भजी खात असायचा. एक शेजारी तर ज्योती सिस्टरला म्हणाला, बेन, तुमचा पेशंट मरेल तेव्हा मरेल, आम्ही आधी मरू. ज्योती सिस्टर घरच्या वॉर्डाची मुख्य नर्स. तिने आप्पांकडे तक्रार केली. मीही केली. म्हटलं, जरा सैल करू या.

आप्पा म्हणाले, “खोटी हाक परवडते, पोरी. खोटं हूं परवडत नाही.”

मग आप्पांच्याच छातीत दुखलं. आमच्याकडेच बायपास झाली. पर्वत पाटियाच्या घरी गेले आणि त्यांनी स्वतः लावलेल्या वॉर्डात पेशंट म्हणून आले. मागे घड्याळ, समोर टॅब, वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे घराची दुसरी किल्ली. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वायफायचा प्लग काढायला लावला. हंसाबेन धावत खाली आल्या तर हे खुर्चीत बसून समाधानाने मान हलवतायत.

विभाग माझ्याकडे आला. आणि त्याच सुमारास ट्रस्टी जयंतीकाका देणगीदार पाहुण्यांना घेऊन यायचे होते. आदल्या दिवशी येऊन त्यांनी स्क्रीन बघितला. “मिलिंदभाई, आ लाल-लाल शुं छे? महेमान समजशे के बधा मरी गया.” म्हणजे पाहुण्यांना वाटेल, सगळे मेले.

मी म्हटलं, “बघतो काका.”

मी फाइल उघडली. हाका बंद केल्या. हुंकार आला नाही तर थांबायची मुदत इतकी वाढवली की ती असून नसल्यासारखी झाली. चित्र अडकलं की ते धूसर व्हायचं, तेही बंद केलं. दरवान पुन्हा सुरू केला. सगळी भिंत हिरवी झाली.

पाहुणे खूश झाले. जयंतीकाकांनी पाठीवर हात ठेवला. पाहुणे गेल्यावर परत पहिल्यासारखं करायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. केलं नाही. विसरलो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, पण विसरलो नव्हतो. दोन दिवस फोन गेले नाहीत, शेजारी चिडले नाहीत, ज्योती सिस्टरने मला आपल्या डब्यातली कचोरी दिली आणि म्हणाली, “सर, तुम्ही काय जादू केली?” मला ती शांतता आवडली. आप्पांना जे जमलं नाही ते मला जमलं, असं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच वाटलं.

आप्पा स्क्रीनवरून विचारायचे, “काय रे, लाल किती येतात?”

“येतच नाहीत आप्पा. सगळं हिरवं.”

ते पुढे झुकले. त्यांचा चेहरा चौकोनभर झाला. “अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“सुरतेत पावसाळ्यात एकही लाल नाही? मिलिंद, मला भीती वाटते रे. तपास बरं.”

“तपासतो.”

“हूं म्हण.”

“हूं,” मी म्हणालो.

त्या माणसाने आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला ती एकच गोष्ट होती, आणि ती मी त्याला खोटी दिली.

खाडीला पाणी आलं त्या दिवशी मी सकाळी लवकर हॉस्पिटलात पोचलो होतो. वरून धरणातून सोडलेलं आणि आकाशातून पडलेलं असं मिळून पर्वत पाटियाच्या गल्ल्यांत कमरेएवढं पाणी होतं. काकू आदल्या दिवशी चलथाणला मुलीकडे गेल्या आणि रस्ता बंद झाल्याने तिथेच अडकल्या होत्या. त्यांनी मला फोन केला. “मिलिंद, त्यांच्याकडे लक्ष आहे ना तुमचं? मोबाइल उचलत नाहीयेत.”

मी स्क्रीनकडे बघितलं. आप्पा खुर्चीत होते. चष्मा नाकावर, मान जरा खाली, मांडीवर पेपर.

“काकू, समोर दिसतायत मला. पेपर वाचतायत. मोबाइल आत राहिला असेल.”

“खरंच ना?”

“अहो, डोळ्यासमोर आहेत.”

त्या रडल्याच. सुटकेचं रडणं होतं ते.

काही वेळाने ज्योती सिस्टर म्हणाली, “सर, आप्पांनी पान उलटलं नाही अजून.” मी म्हणालो, “डोळा लागला असेल.” चौकोन हिरवा होता. आमच्या दोघांपैकी कोणीही घड्याळ बघितलं नाही. लाल येणं बंद झाल्यापासून काटा बघायची सवयच गेली होती. मी दुसऱ्या कामाला लागलो. इतर पेशंटच्या घरी वीज आहे का, पाणी कुठवर आलंय, अशी विचारपूस करत होतो. पाठीमागे आप्पा पेपर वाचत होते.

दुपारी खालून, कॅज्युअल्टीतून, फोन आला. “सर, खाली या. तुमच्या आप्पांना आणलंय.”

“कोण आप्पा?”

“सुपडूआप्पा. बोटीतून आणलं.”

मी म्हणालो, “शक्य नाही, ते इथे आहेत.” आणि बोलताबोलता वर बघितलं. तसेच होते. चष्मा, पेपर, खाली मान. मग मी त्यांच्या मागचं घड्याळ बघितलं. काटा हलत नव्हता. ते घड्याळ सकाळची वेळ दाखवत होतं.

जिना मी उतरलो की पडलो ते आठवत नाही.

खाली डॉक्टर बाजूला सरकले होते, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आप्पांच्या अंगावरचा लेंगा कमरेपर्यंत ओला, चष्मा नव्हता. हंसाबेन भिंतीशी बसलेल्या. पाणी चढलं तसं त्या खालच्या मजल्यावरच्यांचं सामान वर न्यायला मदत करत होत्या. आप्पांकडे डोकावणारच होत्या, पण मनात म्हणाल्या, काही असतं तर फोन आला असता. हॉस्पिटलवाले बघतायतच. शेवटी जेवणाचं ताट घेऊन उतरल्या तेव्हा आप्पा खुर्चीतून खाली जमिनीवर सरकले होते, घोटाभर पाण्यात, छातीवर हात. तेव्हा शुद्धीत होते. सकाळीच वीज गेली, वायफाय गेलं, त्यानंतर केव्हातरी कळ आली. उठवेना. हाक वर पोचेना.

“पण ते घाबरले नव्हते,” हंसाबेन मला म्हणाल्या. मला वाटतं माझ्या समाधानासाठी म्हणाल्या. “मने एटलुंज पूछ्युं, फोन आव्यो?”

म्हणजे एवढंच विचारलं, फोन आला का. हंसाबेननी ‘नाही’ म्हटलं. तेव्हा आप्पा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. बोटीतही एकदा विचारलं. फोन आव्यो?

म्हणजे जन्मभर घाबरलेला तो माणूस त्या एका सकाळी घाबरला नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता: तार तुटली आहे, तर हॉस्पिटलला कळणारच, हंसाबेनचा फोन वाजणारच, आपण फक्त बसून राहायचं. आपल्या हातांनी लावलेली सोय. आणि ती चालते असं मी हूं म्हणून सांगितलेलं.

मी वर गेलो. खोलीत ज्योती सिस्टर पाठ फिरवून उभी होती. तिने ऐकलं होतं. “सर,” ती म्हणाली, “ते बंद करा ना. मला बघवत नाही.”

भिंतीवर आप्पा पेपर वाचत होते. हिरवे.

मी तिच्यासाठी म्हणून कीबोर्डकडे गेलो नाही, हेही आता सांगून टाकतो. चौकशी होईल हे माझ्या डोक्यात आलं होतं. मी फाइल उघडली. हाका सुरू केल्या. मुदत होती तशी केली. दरवान पुन्हा सुरू केला. क्षणभर सगळ्या चौकोनांनी डोळे मिटल्यासारखं केलं, मग एकेक जण हूं म्हणत परत आला. आप्पांचा चौकोन राहिला. सर्व्हरने त्यांना हाक दिली असणार. मग पुन्हा दिली असणार.

चौकोन लाल झाला आणि त्यातून आप्पा गेले. त्यांचा एकमेव फोटो होता तो, आणि तो मी पुसला.

नंतर चौकशी झाली. पुराचं पाणी, गेलेली वीज, कोणाचाच इलाज नाही, असं ठरलं. सेटिंग तपासली, ती आप्पांनी ठेवली होती तशीच होती. त्यांची खुर्ची मला मिळाली.

पण त्या दुपारी मी घाईत एक गोष्ट विसरलो होतो. लाल झालं की फोन जातो.

खाली कॅज्युअल्टीत, आप्पांच्या पायांशी बसलेल्या हंसाबेनच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी कानाला लावला. मी पुन्हा खाली आलो तेव्हा त्या तो तसाच धरून होत्या, आणि चादरीखालच्या आप्पांकडे बघत होत्या. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे केला. निरोप दुसऱ्यांदा सुरू झाला होता.

“जरा बाजुमां जोई आवो ने. गभराशो नहीं.”

“मिलिंदभाई,” त्यांनी विचारलं, “फोन हवे केम आव्यो?” आत्ता का आला?

मी तेव्हा म्हणालो, “पाणी होतं ना बेन, लाइन अडकली असेल.” त्यांनी मान हलवली. त्या कार्यक्रमाला येणार आहेत. पहिल्या रांगेत बसतील. यावेळी त्यांनी विचारायची वाट मी बघणार नाही.